मशीन विकू नका

मी दिवाणी कोर्टात बेलिफ होतो, अठ्ठावीस वर्षं. बदल्या सातारा-सांगलीकडच्या तालुक्यांतून होत राहिल्या, काम मात्र एकच. कुणाविरुद्ध पैशाचा हुकूमनामा झाला, समोरच्याने दरखास्त लावली आणि कोर्टाने जप्तीचं वॉरंट काढलं, की ते पिशवीत घालून त्या घरी जायचं. दोन पंच उभे करायचे, घरातली एकेक वस्तू बघायची, पंचनामा लिहायचा. मला बघून लोक दार लावून घेत. लहान मुलं आईच्या मागे जाऊन उभी राहत. ते चेहरे मी विसरलेलो नाही, आणि हे लिहितोय ते तशाच घरांसाठी.

सांगायचं ते आधीच सांगून टाकतो. ज्या वस्तूला हात लावायचा मला अधिकारच नव्हता, नेमकी तीच वस्तू बहुतेक घरांतून मी पोचायच्या आत गेलेली असायची. मी नेलेली नव्हे. घरच्यांनीच विकलेली, मोडलेली, नाहीतर गहाण टाकलेली.

एका गावात शिवणकाम करणारी एक बाई होती. नवऱ्याच्या आजारपणात कर्ज झालं, नवरा गेला, कर्ज राहिलं. मी वॉरंट घेऊन गेलो तेव्हा घरात टीव्ही होता, लोखंडी कपाट होतं, पण भिंतीला जिथे शिलाई मशीन असायचं तिथे फरशीवर चार पायांचे ठसे तेवढे उरले होते. म्हणाली, "तुम्ही नेणारच होता ना साहेब, म्हणून आठवड्यापूर्वीच विकलं. एक हप्ता तरी गेला." मला तिला सांगावं लागलं, की बाई, मशीनला मी हातही लावला नसता. कारागिराची हत्यारं जप्त होत नाहीत. ती काही बोलली नाही. मी टीव्ही आणि कपाट लिहून घेतलं आणि निघालो. त्या एका हप्त्यापायी तिची रोजची कमाई गेली होती, आणि कर्ज जिथल्या तिथे होतं.

म्हणून हात जोडून सांगतो. कर्ज डोक्यावरून गेलं असेल, नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा, अर्ज करायचा विचार मनात येत असेल, तर घरातलं काहीही विकण्याआधी एक संध्याकाळ काढा. वही घ्या, आणि कुठली वस्तू कायद्यानेच राखून ठेवलेली आहे ते लिहून काढा. हप्त्यासाठी ती यादी फोडू नका.

ही यादी मी मनाने केलेली नाही. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत कलम ६० आहे, आणि त्यात जप्तीतून काय सुटतं ते लिहिलेलं आहे. माझ्या पिशवीत त्या कलमाची एक चुरगळलेली प्रत कायम असायची. अंगावरचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, हे कर्जदाराचं, त्याच्या बायकोचं, मुलांचं सगळ्यांचं सुटतं. धार्मिक रूढीप्रमाणे बाईला अंगावरून उतरवता येत नाहीत असे दागिने सुटतात. आपल्याकडे मंगळसूत्र यात येतं. कारागिराची हत्यारं सुटतात. शेतकऱ्याची अवजारं, पोटापाण्याला लागणारी जनावरं आणि बियाणं, कोर्टाला गरजेचं वाटेल तेवढं, सुटतं. मजुराचा आणि घरकाम करणाऱ्यांचा रोज सुटतो. शेतकरी, मजूर किंवा घरकामगार स्वतःच्या ज्या घरात राहतो ते घरसुद्धा सुटतं.

या कलमात एक छोटा भाग आहे, तो मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. ही सवलत मी सोडतो असं तुम्ही करारात लिहून दिलेलं असलं, तरी तो करार रद्दबातल ठरतो. अडलेला माणूस कशावरही सही करतो, हे कायदा करणाऱ्यांना माहीत होतं. तेव्हा "तुम्ही लिहून दिलंय" असं कुणी दरडावलं, तर एवढ्यावरच खचून जाऊ नका.

आता यातली मेख. कलम ६० जप्तीपासून वाचवतं. तुम्ही आपल्या हाताने जे तारण ठेवलं, त्याला ते वाचवत नाही. मंगळसूत्र कोर्टाचा माणूस काढून नेऊ शकत नाही, पण तेच मंगळसूत्र सोनेतारण कर्जात ठेवलं आणि हप्ते थकले तर त्याचा लिलाव होतो. शेतकऱ्याचं राहतं घर जप्त होत नाही, पण ते गहाणखतात लिहून दिलं तर गहाणाच्या हुकूमनाम्यात विकलं जातं. आमच्या कोर्टात असे किती प्रसंग आले ते मोजलेले नाहीत, पण रीत ठरलेली असायची. आधी विनातारण कर्ज, क्रेडिट कार्ड, मोबाइलवरचं कर्ज. मग ते फेडायला सोनं. मग सोनं सोडवायला घर. ज्याच्या हातात तुमच्याविरुद्ध साधी डिक्री, म्हणजे कोर्टाचा हुकूमनामासुद्धा नव्हता त्याचं देणं चुकवण्यासाठी तुम्ही छप्पर दुसऱ्याच्या हातात देता. हे करू नका. विनातारण कर्ज फेडण्यासाठी तारणाचं कर्ज काढू नका.

नोकरदारांशी थोडं सविस्तर बोलतो, कारण त्यांच्याकडे राखण्यासारखं बरंच असतं आणि तेच ते सगळ्यांत आधी मोडतात.

पगार पूर्ण जप्त होत नाही. पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश सुटतो. जप्तीला पात्र पगार ३१,००० असेल, तर १,००० बाजूला, राहिले ३०,०००, त्यातले २०,००० तुमचे. जास्तीत जास्त १०,००० कापले जातील. एका हुकूमनाम्यासाठी अशी कपात एकूण २४ महिने झाली, की त्या हुकूमनाम्यापुरता पगार पुढे कायमचा मोकळा होतो. पोटगीच्या हुकूमनाम्याला हे लागू नाही, तिथे कपात याहून बरीच मोठी असते, आणि ती तशीच असावी असं माझं मत आहे. मुलांचं पोट बँकेच्या आधी येतं.

भविष्य निर्वाह निधी, म्हणजे पीएफ, कुठल्याही कर्जापोटी जप्त होत नाही. कायद्यात तसं स्पष्ट आहे. पीपीएफचंही तसंच. ग्रॅच्युइटीलाही संरक्षण आहे. सरकारी पेन्शन आणि ग्रॅच्युइटी तर निवृत्त माणसाच्या हातात आल्यावरही संरक्षित राहते, बँकेत ठेव करून ठेवली तरी, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितलं आहे. पीएफचं तसं नाही असं समजून चाला. तो निधीत असेपर्यंत पक्का सुरक्षित, एकदा काढून बचत खात्यात आणला की तुमच्या इतर पैशांत मिसळला. आणि लोक नेमकं हेच करतात. वसुलीवाल्याचे चार फोन आले की पीएफचा अर्ज भरतात. पन्नाशीच्या माणसाने पीएफ काढून क्रेडिट कार्ड फेडलं आणि वर्षभरात पुन्हा थकला, हे मी माझ्या जवळच्या नात्यात पाहिलं आहे. आज तो सत्तरीला आला आहे आणि महिन्याला मुलाकडे औषधाचे पैसे मागतो. पीएफला हात लावू नका. अर्ज भरायला बसला असाल तर उठा.

आयुर्विम्याचंही तसंच. तुमच्या जिवावरच्या पॉलिसीचे पैसे कलम ६० ने राखलेले आहेत. ती मोडून हातात येणारी रक्कम बहुतेक वेळा भरलेल्या हप्त्यांहून बरीच कमी असते. आणखी एक जुना कायदा आहे, १८७४ चा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा. विवाहित पुरुषाने पॉलिसी घेतानाच ती या कायद्याखाली बायको-मुलांच्या नावे केली, तर ते पैसे त्याच्या मालमत्तेत धरलेच जात नाहीत. सावकार त्यांच्यावर हक्क सांगू शकत नाही. पण हे पॉलिसी घेतानाच करावं लागतं, आणि कर्ज बुडवायच्या हेतूने केलं असं सिद्ध झालं तर पॉलिसीच्या पैशांवर सावकाराचा हक्क पोचतो. अजून कर्जात नसलेल्या तरुणांनी हे आजच विचारून ठेवावं.

एक अगदी साधी गोष्ट. ज्या बँकेचं कर्ज थकलंय त्याच बँकेत पगार जमा होत असेल, तर बँक खात्यातली रक्कम थकबाकीत वळती करू शकते. महिन्याच्या एक तारखेला खातं रिकामं दिसतं आणि घरात किराणा नसतो. पगाराचं खातं दुसऱ्या बँकेत उघडणं हा काही गुन्हा नाही. ते खातं कुणापासून लपवू मात्र नका. विचारलं तर सांगा.

घराबद्दल लिहायला मला जड जातं. शेतकरी-मजुराच्या घराचं वर सांगितलं. नोकरदाराच्या किंवा दुकानदाराच्या फ्लॅटला कलम ६० चं तसं संरक्षण नाही. आणि फ्लॅट गृहकर्जातच असेल तर बँकेला दिवाणी कोर्टातही जावं लागत नाही, २००२ च्या सरफेसी कायद्याने ती थेट येते. आधी ६० दिवसांची नोटीस येते. ती नोटीस फाडू नका, तिला लेखी उत्तर द्या. उत्तर दिलं तर बँकेला १५ दिवसांत त्यावर कारणांसह कळवावं लागतं. पुढे ताब्याची कारवाई झाली तर कर्ज वसुली न्यायाधिकरणात जायला ४५ दिवस असतात. शेतजमिनीला हा कायदा लागू नाही. बाकी मुद्दल-व्याज मिळून होणाऱ्या रकमेच्या २० टक्क्यांच्या खाली उरली असेल तरीही लागू नाही, म्हणजे शेवटच्या थोड्या बाकीसाठी घर या मार्गाने नेता येत नाही.

पण हे सगळं वाचून, खरंच हिशेब मांडून, पुढच्या दोन वर्षांत हप्ता भरता येणार नाही असं दिसत असेल, तर ते घर राखायच्या मागे लागू नका. लिलावाची वाट न बघता बँकेला सांगून स्वतः गिऱ्हाईक शोधा. लिलावात घर कवडीमोल जातं, खर्च तुमच्या माथी येतो, आणि वर उरलेली बाकी राहतेच. मी लोकांना घरासाठी मशीन विकताना पाहिलं, रिक्षा विकताना पाहिलं, मुलीचं शिक्षण थांबवताना पाहिलं, आणि शेवटी घरही गेलं. आधी कमाईचं साधन राखा, मग म्हातारपणाचा पैसा, मग मुलांचं शिक्षण. घर त्यानंतर. घर भाड्याने मिळतं. चाळीस वर्षांच्या माणसाला नवा हातधंदा उभा करणं त्याहून कितीतरी अवघड जातं.

गाडीवर कर्ज असेल तर ती तारणच आहे, ती जाऊ शकते. पण ती रस्त्यात अडवून, किल्ली हिसकावून, माणसाला खाली ओढून नेता येत नाही. गुंड पाठवून वसुली करू नका, असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच बजावलं आहे.

शेतकऱ्यांनी एक इतिहास लक्षात ठेवावा. पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात १२ मे १८७५ ला बाजाराच्या दिवशी कुणब्यांनी सावकारांच्या घरांतून कर्जखतं आणि रोखे ओढून काढले आणि जाळले. पुढे महिनाभर पुणे आणि नगर जिल्ह्यांत तेच होत राहिलं. त्यानंतर चौकशी आयोग बसला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा आला. पैशाच्या डिक्रीसाठी शेतकऱ्याला अटक करायची नाही, आणि गहाणात स्पष्ट लिहून दिलेली नसेल तर त्याची जमीन विकायची नाही, असं त्यात आलं. बैल, नांगर आणि बियाणं सुटतं हे जेव्हा मी पंचनाम्यात लिहायचो, तेव्हा त्यामागे कुणाची तरी आच होती, हे मला माहीत होतं. म्हणून शेतकऱ्याने बैलजोडी आधी विकली की मला चीड यायची. त्याच्यावर नव्हे, त्याला हे कुणी सांगितलं नाही याची.

गावात परवाना नसलेल्या सावकाराकडून पैसे घेतले असतील तर त्याच्यासाठी २०१४ चा महाराष्ट्राचा सावकारी कायदा आहे. मुदलाहून जास्त व्याज वसूल करता येत नाही, हे दामदुपटीचं आपलं जुनं तत्त्व त्यात आहे. कर्जापोटी बळकावलेली जमीन परत मिळवायचा मार्गही त्यात आहे, त्यासाठी जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करायचा. कोऱ्या चेकवर आणि कोऱ्या स्टँपपेपरवर मात्र सही देऊ नका. चेक परत गेला की प्रकरण फौजदारी होतं. मागणीची नोटीस मिळाल्यापासून पैसे भरायला १५ दिवस मिळतात, आणि नादारीच्या अर्जाने तो खटला आपोआप मिटत नाही.

आता नादारीच्या अर्जाकडे येतो. लोक टीव्हीवर २०१६ च्या नव्या दिवाळखोरी संहितेबद्दल ऐकतात आणि वाटतं की आपल्यालाही ते लागू आहे. त्यात सामान्य माणसासाठी एक सोय लिहिलेली आहे. वर्षाचं उत्पन्न ६०,००० पर्यंत, मालमत्ता २०,००० पर्यंत आणि कर्ज ३५,००० पर्यंत असलेल्याला नवी सुरुवात मिळावी अशी. पण ती सोय सामान्य माणसासाठी लागूच केलेली नाही. संहितेतला वैयक्तिक दिवाळखोरीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना लागू आहे. तुमच्या-माझ्यासाठी अजून ब्रिटिश काळातलेच दोन कायदे आहेत. मुंबई शहरात १९०९ चा, आणि उरलेल्या महाराष्ट्रात १९२० चा प्रांतिक नादारी कायदा. मुंबईत अर्ज उच्च न्यायालयात जातो, बाहेर जिल्हा न्यायालयात. कायदे जुने आहेत आणि आकडेही जुनेच. ५०० रुपयांचं कर्ज असलं तरी अर्ज करता येतो. १९०९ च्या कायद्यात हत्यारं, कपडे, भांडी, अंथरूण, सामान सगळं मिळून ३०० रुपयांचंच राखता येईल अशी मर्यादा घातली गेली. आजच्या माणसाची अशा आकड्यांनी चेष्टा होते, आणि संसदेने हे बदलायला हवं, असं मी स्पष्ट म्हणतो. मुंबईकरांनी अर्ज करण्याआधी वकिलाला हाच प्रश्न पहिला विचारावा: माझी हत्यारं या कायद्यात कशी वाचतील?

१९२० च्या कायद्यात कलम ६० ने सुटणाऱ्या वस्तू तुमच्याच राहतात. बाकी सगळं कोर्टाकडे किंवा कोर्टाने नेमलेल्या रिसीव्हरकडे जातं. अर्जात सगळ्या देणेकऱ्यांची नावं-पत्ते, सगळी मालमत्ता, तिची किंमत लिहावी लागते. हिशेबाच्या वह्या जप्तीत सुटतात, पण नादारीत त्या हवाली कराव्या लागतात, म्हणून दुकानदाराने वही जाळायचा वेडेपणा करू नये. पुढे कर्जातून मुक्तता मिळताना हिशेब नीट ठेवला होता की नाही हे कोर्ट बघतं. मालमत्तेतून रुपयात आठ आणे तरी निघतात का, हेही बघतं, आणि निघत नसतील तर ते तुमच्या चुकीने की नशिबाने, याची विचारपूस होते. ही भाषा कायद्यातलीच आहे, आठ आण्यांची. आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा. मुक्तता होईपर्यंत तुमच्या वाट्याला नवं काही आलं, आजोबांची जमीन म्हणा, तर तीही त्यातच जाते.

इथे मला सगळ्यांत कळकळीने बोलायचं आहे, ते लपवण्याबद्दल.

माणूस अर्ज करायच्या आधी घाबरतो आणि प्लॉट मेहुण्याच्या नावावर करतो. फ्लॅटचं बक्षीसपत्र बायकोला करून देतो. कायदा या वाटेने आलेल्या लाखो माणसांना ओळखतो. नादारीच्या अर्जाआधीच्या दोन वर्षांत फुकट किंवा नाममात्र किमतीत केलेलं हस्तांतरण कोर्ट रद्द करू शकतं. अर्जाआधीच्या तीन महिन्यांत एका सावकाराला झुकतं माप देऊन पैसे दिले असतील तर तेही. खोटी माहिती दिली, मालमत्ता दडवली, तर तुरुंगाची शिक्षा आहे. पण शिक्षेपेक्षाही मोठं नुकसान वेगळंच. माझ्या डोळ्यांदेखत एका माणसाचं झालं. त्याने जुनी मोटारसायकल भावाच्या नावावर दाखवली होती. विरुद्ध वकिलाने ते उघडं पाडलं, आणि त्यानंतर त्याने सांगितलेल्या एकाही खऱ्या गोष्टीवर न्यायाधीशांचा विश्वास बसला नाही. सुतारकामाची हत्यारं त्याचीच होती, रोजच्या वापरातली होती, पण तीही दाखवण्यासाठी आणलीत असा संशय आला. खरी हत्यारं वाचवायची असतील तर मोटारसायकल खरी सांगा.

हातउसन्या पैशांचंही इथेच. मामाने लग्नाला दिलेले दोन लाख आधी फेडावेत असं वाटतं, कारण मामा समोर बसतो. पण तीन महिन्यांत तुम्ही अर्ज करणार असाल तर ते पैसे मामाकडून परत मागितले जाऊ शकतात, आणि मामाला कोर्टाची पायरी चढावी लागते. मामाला खरं सांगा, त्याचं नाव देणेकऱ्यांच्या यादीत लिहा. त्याला अपमान वाटेल. नंतर दारात नोटीस आली तर त्याहून जास्त वाटेल.

बायकोचं स्त्रीधन आणि तिच्या कमाईचं घर तुमच्या कर्जाला लागत नाही. ती सहकर्जदार किंवा जामीनदार असेल तरच लागतं. म्हणून घरातल्या बाईने नवऱ्याच्या कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी दोन दिवस मागून घ्यावेत. मुलांचंही आपल्याकडे एक ओझं आहे, बापाचं कर्ज फेडलं नाही तर बापाला गती नाही असं. कायद्याने ते ओझं २००५ मध्ये उतरवलं. त्यानंतरच्या कर्जासाठी केवळ मुलगा आहे म्हणून त्याच्याकडून वसुली करता येत नाही. बापाकडून जेवढं वारशाने आलं तेवढ्यापुरतीच त्याची जबाबदारी. मुलाला फेडायचं असेल तर त्याने मनाने फेडावं, पण वसुलीवाल्याने स्मशानातून आलेल्या पोराला धमकावलं तर ती धमकी खोटी आहे हे त्याला माहीत असावं.

वसुलीवाल्यांचं बोललोच आहे तर तेही सांगतो. बँकेचा किंवा ॲपचा माणूस म्हणजे बेलिफ नव्हे. त्याला तुमच्या घरातली वाटीसुद्धा उचलता येत नाही. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये सांगितलं आहे, की वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही. माझ्यासारख्या कोर्टाच्या माणसालाही सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी राहत्या घरात शिरता येत नव्हतं. कुणी आलं तर एकच मागा: कोर्टाचा कागद दाखवा. पैशाच्या डिक्रीसाठी बाईला अटक होत नाही. पुरुषालाही केवळ गरीब आहे म्हणून तुरुंगात टाकता येत नाही, ऐपत असून मुद्दाम बुडवतोय असं दिसलं तरच, हे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९८० च्या निकालात लिहून ठेवलं आहे. फोन करून छळत असतील तर तारीख, वेळ, नंबर वहीत लिहा, आधी बँकेकडे लेखी तक्रार करा आणि मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. त्यांचा नंबर १४४४८.

तडजोड होत असेल तर नादारीच्या आधी तीच करा. एकरकमी समझोत्याचं पत्र बँकेच्या कागदावर, सहीशिक्क्यासह हातात आल्याशिवाय एक रुपयाही भरू नका. तोंडी आश्वासनावर भरलेले पैसे व्याजात जातात आणि मुद्दल तसंच राहतं.

सहकारी पतसंस्थेचं कर्ज असेल तर तिथली वाट वेगळी आहे. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला निघतो, दिवाणी दाव्याशिवाय. त्यावर निबंधकांकडे दाद मागायची तर आधी रकमेच्या निम्मे भरावे लागतात. म्हणून दाखला निघण्याआधी, सुनावणीची नोटीस येते तेव्हाच हजर राहा. आमच्याकडे लोक तिला जाहिरातीचं पाकीट समजून टाकून देतात.

वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नका. प्रत्येक तालुका कोर्टात विधी सेवा समिती असते. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना, अपंगांना उत्पन्न कितीही असलं तरी तिथे मोफत वकील मिळतो, इतरांना ठरावीक उत्पन्नाच्या आत. फोन १५१००. जाताना पिशवीत कर्जाचे सगळे कागद, आलेली प्रत्येक नोटीस तिच्या पाकिटासकट, सहा महिन्यांचं बँकेचं विवरण, आणि वर सांगितलेली ती वही घ्या. मी वकील नाही. तुमचे कागद बघून वकील जे सांगेल ते माझ्या लेखाच्या वर.

आणि जामीनदार. तुम्ही नादार ठरलात, पुढे कोर्टाने तुम्हाला मुक्तही केलं, तरी जामीनदार सुटत नाही. त्याच्याकडून पूर्ण रक्कम वसूल होऊ शकते. तो बहुधा तुमच्याच कारखान्यातला, तुमच्याच शाळेतला, तुमच्याच गल्लीतला कुणीतरी असतो, ज्याने चहाच्या टपरीवर उभ्या उभ्या सही दिली. माझ्या नोकरीत सगळ्यांत जास्त शिव्या मी जामीनदारांच्या दारात खाल्ल्या, कारण त्यांना काहीच ठाऊक नसायचं. अर्ज करण्याआधी त्याच्या घरी जा. त्याच्या बायकोसमोर बसून सांगा, किती कर्ज आहे, कुठल्या बँकेचं, पुढे काय होईल. त्याचा पीएफ, त्याची पॉलिसी, त्याच्या बायकोचं मंगळसूत्र यांतलं काय वाचतं तेही सांगा, म्हणजे तो घाबरून मोडणार नाही. पोस्टमन त्याच्या दारात पोचण्याआधी तुम्ही पोचा.